रांजणाच्या तळाचं पाणी

१

लिम्नारीत त्या सकाळी दोन गोष्टी एकदम उघडकीला आल्या. रांजणातली सगळी मासळी मेली होती, आणि चर्चमधला चांदीचा दिवा गेला होता. मासळीचा दोष कुणाला द्यावा हे गावाला सुचेना. दिव्याचा चोर मात्र त्यांनी न्याहारीच्या आत पकडून चर्चच्या पायरीवर बसवलासुद्धा.

पकडलं होतं द्रिताला. चर्च झाडणारी, पुसणारी, दिव्यात तेल घालणारी द्रिता. मूळची अल्बानियाची. तिच्यासमोर जन्मलेली पोरं आता मिशीला पीळ देत हिंडत होती, इतकी वर्षं ती गावात होती. पण चोरी झाली म्हटल्याबरोबर ती एका क्षणात परत परकी झाली.

तालुक्याच्या ठाण्यातून इन्स्पेक्टर एवान्थिया कारा आली. गाडीचं दार उघडलं आणि सडक्या अंड्यांच्या वासानं तिचे डोळे चुरचुरले. वास ओळखीचा होता, कारण ती याच गावची. गावाला लागून जे खोल गोल पाणी आहे त्याला इथं रांजण म्हणतात. तोंड अरुंद, पोट खोल. एका चिंचोळ्या वाटेनं ते बाहेरच्या उथळ खाजणाला आणि पुढे समुद्राला जोडलेलं. वाऱ्याबरोबर वरचं पाणी आत-बाहेर करतं. तळाचं जड पाणी मात्र वर्षानुवर्षं तिथंच, हवा न लागता कुजत पडून असतं. मग एखाद्या हिवाळ्याच्या तोंडी दक्षिणेचा वारा असा काही घुसळतो, की तळ वर येतो. पाणी दुधाळ होतं, मासा गुदमरतो, आणि घराघरातली चांदी एका रात्रीत काळी पडते. गाव म्हणतं, रांजण उलटला. मागच्या वेळी उलटला तेव्हा एवान्थिया शाळेत जात होती. तेव्हापासून तळाचं पाणी जे बसलं होतं, ते काल उठलं.

"आलीस का पोरी? बरं झालं, तुलाच पाठवलं," म्हणत गेरासिमोस पुढे आला. मच्छीमारांच्या सोसायटीचा म्होरक्या, चर्चचा विश्वस्त आणि एवान्थियाचा धर्मबाप. धर्मबापाला तिकडे नूनो म्हणतात. तिचा खरा बाप जर्मनीला गेला तो तिकडचाच झाला. फी भरायला, ताप आला तर उशाशी बसायला नूनोच होता. आज त्याचे डोळे लाल होते. पाण्यावर पोटं वर करून तरंगणाऱ्या मासळीकडे तो बघत नव्हता.

"नूनो, हिला पायरीवर कुणी बसवलं?"

"गावानं. मी म्हटलं, इन्स्पेक्टर येऊ दे. पण ऐकतंय कोण?"

आत देवमातेच्या तसबिरीपुढे बायकांची झुंबड उडाली होती. तसबिरीवर चेहरा नि हात सोडून सगळीकडे चांदीच्या पत्र्याचा ठोकलेला अंगरखा. आणि तो लखलखत होता.

"चमत्कार गं बाई, चमत्कार!" वासिलोमावशी ओरडत होती. गुडघे गेले म्हणून चर्चचं काम सोडावं लागलेली, पण जीभ शाबूत असलेली म्हातारी. "माझे कानातले काळे, सुनेच्या वाट्या काळ्या, गावात एक चमचा पांढरा नाही. आणि आईचा अंगरखा बघा! काळिमा नाही!"

तसबिरीपुढची साखळी रिकामी लोंबत होती. ती तोडलेली नव्हती, आकडी नीट सोडवलेली होती. खाली पायरीवर एवान्थियाला दिव्याच्या आतला काचेचा पेला दिसला. पेला सरळ ठेवलेला, तेलाचा थेंब सांडलेला नाही, आणि वात अजून जळत होती.

चोरानं चांदी नेली होती, पण आईपुढची ज्योत विझू दिली नव्हती.

२

द्रिताला तिनं गर्दीतून काढून शाळेच्या खोलीत नेलं. पाठीमागून कुणीतरी थुंकल्याचा आवाज आला.

"किल्ली कुणाकुणाकडे असते?"

"तीन जणांकडे. पाद्रीबाबा, गेरासिमोसकाका आणि मी. त्यात चोर कोण, ते गावाला पाठ आहे."

"टोमणे नंतर मार. काल काय झालं?"

"संध्याकाळी दिव्यात तेल घातलं, खिडक्या लावल्या, कुलूप घातलं. दिवा जागेवर होता. रस्त्यात हा घाण वास यायला लागला. मला वाटलं, कुणाचं गटार फुटलं. वासिलोच्या सुनेला विचारलं, तर ती रडत घरात पळाली. म्हटलं, गटार फुटलं म्हणून रडतात होय?" द्रिता हसायला गेली, पण हसू आलं नाही. "मला कुठं ठाऊक रांजण उलटतो म्हणजे काय होतं! मागचा उलटला त्याच्या पुढच्या वर्षी मी आले. नुसतं ऐकलं होतं, भुताच्या गोष्टी ऐकतात तसं."

"चांदी काळी पडते, हेही ठाऊक नव्हतं?"

"आज सकाळी कळलं. माझ्या घरी कुठली आलीये चांदी?"

एवान्थियानं विचारलं, चर्चमधली बाकीची चांदी कुठं असते. पेला, क्रूस वगैरे पाद्रीबाबांच्या लोखंडी कपाटात, लोकरीत गुंडाळून. बाहेर दोनच वस्तू. दिवा आणि अंगरखा.

"दिव्यानं माझा जीव खाल्ला बघा. दर महिन्याला राख-लिंबू लावून घासायचे, तरी काळवंडायचा. अंगरखा शहाणा. फडकं फिरवलं की चकचकीत. बायका म्हणतात, मी आळशी, अंगरखा घासत नाही. अहो, घासायला मळ तर हवा?"

एवान्थियानं ते ऐकलं आणि ते तसंच मनात पडून राहिलं.

"बाई," द्रिता हळूच म्हणाली, "माझा राहण्याचा परवाना या महिन्यात नव्यानं करायचाय. नावावर चोरीचा गुन्हा लागला की संपलं. सीमेवर नेऊन सोडतील. तिकडे माझं कुणी राहिलं नाही हो. माझा नवरा इथं पुरलाय, तुमच्याच स्मशानात, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला. सोमवारी तुम्ही कागद कोर्टात पाठवणार ना?"

"सोमवारी," एवान्थिया म्हणाली. तिनं वही मिटली.

३

पाद्रीबाबा अनेस्तिस गावात नवे होते. जुने पाद्री वारल्यावर डोंगरातल्या कुठल्याशा गावाहून बदलून आलेले. भेटल्याबरोबर त्यांनी कॉफी मागवली आणि चोरी सोडून बाकी सगळं बोलले.

"रविवारी बिशप येतायत. टीव्हीवाल्यांचा फोन आला होता. मासळी गेली खरी, पण आईनं गावाला दुसरा आधार दिला. लोक येतील, बसगाड्या येतील. तुम्ही तेवढं लवकर आटपा."

"पाद्रीबाबा, चोरानं दिवा नेला. त्याच्या दसपट चांदी अंगरख्यात आहे. त्याला हात का लावला नाही?"

"धजावला नसेल! आईच्या अंगावरचं काढायचं म्हणजे..."

"ज्योत पेल्यात जळत ठेवून गेला."

"बघा, पश्चात्ताप!" पाद्रीबाबा खूश झाले. "हे बिशपना सांगायला हवं."

एवान्थियाच्या कपाळावर आठी चढली. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि हा माणूस त्यावर मंडप घालायला निघाला होता.

वासिलोमावशी ओट्यावर बसून काळे कानातले राखेनं घासत होती.

"मावशे, चमत्कार म्हणतेस, पण चर्च बंद होतं. वास आत शिरलाच नसेल तर?"

"सुचवलं होतं तसं गेरासिमोसनंही. म्हणाला, 'उगाच चमत्कार-चमत्कार करू नका, दारं बंद होती म्हणून वाचला अंगरखा.' मी म्हटलं, गप रे मेल्या, तुझी श्रद्धाच आटली. दारं तर मागच्या वेळीही बंद होती."

"मागच्या वेळी?"

"अगं, विसरलीस? काळं वर्ष! तेव्हा अंगरखा असा काळा ठिक्कर पडला होता, आईच्या अंगावर शोक चढल्यासारखा. आम्ही सगळ्या बायका घासायला बसलो. तुझी आई होती, तूही होतीस. लिंबं पिळून पिळून तुझी बोटं सोलवटली होती."

एवान्थियाला आठवलं. कापलेल्या लिंबाचा वास, आईचा काळा झालेला हात, आणि 'घास जोरानं, आईला लाज वाटतेय' म्हणणाऱ्या बायका.

"मग निघाला का काळेपणा?"

"चुण्यांतला निघेना. तेव्हा गेरासिमोस आणि जुने पाद्री, देव त्यांना शांती देवो, दोघं अंगरखा घेऊन यानिना शहरात सोनारांकडे गेले. काय हात म्हणावा त्या कारागिराचा! नवा करून दिला. तेव्हापासून जागचा हलला नाही, आणि मी होते तोवर कधी घासावा लागला नाही."

मावशी घासतच राहिली. एवान्थिया उठली. ज्या अंगरख्यावर तिनं स्वतःची बोटं सोलवटून घेतली होती तो काळा पडला होता. तोच अंगरखा आज पांढरा कसा?

४

तिला एकच गोष्ट हवी होती. काल रात्री ती वाईट हवा चर्चच्या आत शिरली होती की नाही?

तिनं चर्चचं दार आतून लावलं आणि चांदी शोधायला लागली. पितळी समया मुळातच काळपट, त्यांचा उपयोग नव्हता. नवसाच्या वस्तू, डोळे, पाय, पाळणे, पूर्वी चांदीच्या असत. पाद्रीबाबांनी त्या पेटीत बंद करून पत्र्याच्या नव्या टांगल्या होत्या. त्या पत्र्याला ना लाज ना काळिमा.

मग तिला आठवलं. तिची आई वर्षानुवर्षं मूल होत नाही म्हणून नवस बोलली होती. मूल झालं तेव्हा तिनं चांदीचं एक बोटभर बाळ करून आणलं आणि सगळ्यांसारखं पुढे न टांगता तसबिरीच्या चौकटीमागे, भिंतीकडच्या बाजूला खिळ्याला अडकवलं. 'दृष्ट लागायला नको,' म्हणाली होती.

मागच्याच महिन्यात एवान्थियानं ते घासून पांढरं करून परत अडकवलं होतं. तिनं चौकटीमागे हात घातला. बाळ होतं. तिनं ते उजेडात धरलं. ते कोळशासारखं काळं होतं.

म्हणजे हवा आत आली होती. घुमटाच्या फटीतून, दाराखालून, कुठूनही. दिवाही काळाच पडला असणार. आणि दोन्हीच्या मध्ये टांगलेला अंगरखा पांढराशुभ्र. याला चमत्कार म्हणता येईल. किंवा सरळ म्हणता येईल की तो चांदीचा नाहीच.

ती खालीच बसली. दिवा चोरीला का गेला ते आता उघड होतं. दिवा चांदीसाठी गेलाच नव्हता. तसबिरीपुढे लोंबणारा काळा दिवा सांगत होता, 'हवा आत आली होती, मग हा अंगरखा पांढरा का?' ते तोंड बंद करायचं होतं. दिवा नसता तर म्हणता आलं असतं की दारं बंद होती.

आता चोर कोण? ज्याला वास आल्याबरोबर कळलं की सकाळपर्यंत चांदी काळी पडणार, तो. द्रितानं रांजण उलटलेला जन्मात पाहिला नव्हता. पाद्रीबाबांनीही नाही. तळाचं पाणी या दोघांपेक्षा जुनं. ही दोघं गावात येण्याआधीच ते बसलं होतं. किल्लीवाल्यांपैकी ज्यानं मागचं काळं वर्ष पाहिलं होतं असा माणूस एकच. अंगरखा यानिनाला नेणारा. ज्योत विझू द्यायला ज्याचा हात धजणार नाही असा. सकाळी 'चमत्कार म्हणू नका, दारं बंद होती' असं सुचवणारा.

तिनं ते बाळ परत खिळ्याला अडकवलं. दोनदा खिळा चुकला. चर्चच्या कोपऱ्यात दगडी कुंड होतं. त्यातच तिला बुडवून बाप्तिस्मा दिला होता, आणि ओली, रडणारी पोर ज्यानं पंच्यात गुंडाळून छातीशी धरली होती तो गेरासिमोस होता.

५

रांजणाच्या कडेला खांबांवर उभी केलेली त्याची खोपटी होती. गेरासिमोस जाळं विणत बसला होता. कुठला मासा धरणार होता, देव जाणे.

"त्सिपुरो घेतेस?" त्यानं दारूची बाटली उचलली.

"दिवा कुठंय, नूनो?"

त्याच्या हातातली सुई थांबली. त्यानं नाटक केलं नाही, एवढं त्याचं मोठेपण म्हणायचं. उठला, ईल मासे धुरवायच्या पिंपात हात घातला आणि जुन्या जाळ्यात गुंडाळलेला दिवा काढून तिच्यापुढे ठेवला. काळाकुट्ट.

"पाण्यात टाकणार होतो. हात होईना. आईचा आहे."

"आणि अंगरखा? तो कुणाचा होता?"

"तोही आईचाच. विकला. मी आणि जुन्या पाद्रीबाबांनी." तो खिडकीतून बाहेर बघत होता. "तुला काय आठवणार ते वर्ष! खारवलेले ऑलिव्ह आणि शिळा पाव. रांजणात शिंपलीसुद्धा उरली नव्हती. तुझा बाप त्याच वर्षी गेला, आणि त्याच्याबरोबर अर्धा गाव. आम्ही एक इंजिनिअर आणला. तो म्हणाला, समुद्राकडची वाट रुंद खणा, तळाचं पाणी एका उन्हाळ्यात निघून जाईल. रांजण पुन्हा उलटायचा नाही. सरकार ऐकेना. मग आम्ही ठरवलं. आई आहे ना ती? लेकरं उपाशी असताना आई अंगावरचं काढून देतेच."

"वाट तर सरकारनं खणली ना? तिथं मंत्र्याच्या नावाची पाटी आहे."

"पाटी त्याची, चांदी आईची." गेरासिमोस कडवटपणे हसला. "आणि सांगू? काही उपयोग झाला नाही. वरचं पाणी जायला लागलं जोरात. ते तर आधीही जातच होतं. तळाचं बसून राहिलं ते राहिलंच. जड असतं ना. मला ते समजायला हवं होतं, सगळा जन्म याच्यावर काढला. काल वास आला तेव्हा कॅफेत सगळे 'मासळी, मासळी' म्हणून बोंबलत होते, आणि मी चर्चकडे पळत होतो."

एवान्थियानं रागवावं असं त्यात काही नव्हतं. उलट त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण पायरीवर बसलेली द्रिता डोळ्यांपुढून हलेना.

"मग सकाळी द्रिताला धरलं तेव्हा गप्प का बसलात?"

त्यानं विणायची सुई पुन्हा उचलली.

"नूनो, मी विचारतेय."

"तिचं काय होणार आहे? तिच्या देशात पाठवतील. मरणार तर नाही? मी बोललो तर माझं काय उरतं? गाव तोंडावर थुंकेल. आणि गावाला तरी काय उरतं? मासळी गेली, आता आईही पितळेची? दिवा घेऊन जा. अडगळीत सापडला म्हण. केस मिटेल, अंगरखा राहू दे."

"गाव म्हणेल, द्रितानं भिऊन परत आणून ठेवला. सरकारी कागदावर ती संशयितच राहील आणि परवाना मिळायचा नाही. तिचा नवरा इथल्या मातीत आहे."

"पोरी, ती शेवटी परकीच..."

"तळातलं ते पाणी आणि ती एकाच सुमाराला इथं आलं," एवान्थिया म्हणाली. "पाण्याला कधी परकं म्हणालात? कबुली लिहून द्या."

गेरासिमोसनं मान हलवली. नाही. एवान्थियानं दिवा उचलला. मघाशी त्यानं गावासाठी चांदी विकल्याचं सांगितलं तेव्हा तो तिला जितका मोठा वाटला होता, तितकाच आता लहान वाटला, आणि त्याचंच तिला रडू येत होतं.

६

रविवारी बिशप आले, टीव्हीवाले आले, शेजारच्या गावांतले लोक आले. मेलेल्या मासळीच्या वासावर धूपाचा वास चढला. अंगरखा दिव्यांत लखलखत होता.

एवान्थिया वर्दीत आत आली. सगळ्यांसमोर तिनं स्टूल ओढलं, वर चढली आणि काळा दिवा साखळीला अडकवला. मग खाली उतरून बाजूला उभी राहिली. तिला वाटलं होतं, बोलायची गरज पडणार नाही. पांढऱ्या अंगरख्यापुढे काळा दिवा, आंधळ्यालाही दिसेल.

सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"अगं बाई गं!" वासिलोमावशी किंचाळली. "बघा, बघा! दिवा काळा पडला, पण आईचा अंगरखा तस्साच! यापेक्षा मोठा चमत्कार कुठला?"

लोक गुडघ्यांवर आले. पाद्रीबाबांचे डोळे पाणावले. "आणि चोराला आईनं सुबुद्धी दिली," ते म्हणाले. "चोरीचा माल परत आला."

"माल आला, आता त्या बयेला घालवा!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि माना हलल्या.

एवान्थियाला हसावं की रडावं कळेना. ज्या पुराव्याला नूनो घाबरला होता तो गावानं घास गिळावा तसा गिळला होता. नूनो विश्वस्तांच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. ती त्याच्याजवळ गेली आणि वाकली.

"त्या कुंडापाशी पाद्रीनं मला विचारलं होतं, 'सैतानाला नाकारतेस का?' मला बोलता येत नव्हतं. माझ्या वतीनं तुम्ही बोललात, नूनो. आज तुमच्या वतीनं मी बोलू?"

गेरासिमोसनं वर पाहिलं. मग तो खुर्चीच्या हातांना धरून उठला, गर्दीतून वाट काढत तसबिरीपाशी गेला, क्रूसाची खूण केली, आणि खिशातून मासे साफ करायचा चाकू काढला. कुणाला काही कळायच्या आत त्यानं अंगरख्याच्या खालच्या चुणीवर चाकूनं एक लांब ओरखडा काढला.

ओरखडा पिवळा होता.

"पितळ आहे," तो म्हणाला. आवाज फाटलेला होता. "वर नुसता निकेलचा मुलामा. चांदी मी विकली, काळ्या वर्षी. दिवाही मीच नेला. द्रितानं काही केलेलं नाही. मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो."

टीव्हीवाल्याचा दिवा तेवढा त्या पिवळ्या रेषेवर पडलेला होता. बिशपांनी घसा साफ केला. पाद्रीबाबांनी वेदीवरचं कापड ओढून तसबिरीवर टाकलं. आणि वासिलोमावशी, जिनं सगळा जन्म त्या तसबिरीपुढे गुडघे झिजवले, ती गेरासिमोसकडे न बघता एवान्थियाकडे बघत म्हणाली,

"सुखी झालीस का गं आता?"

७

सोमवारी कोर्टात कागद गेले ते गेरासिमोसच्या नावानं. द्रिताच्या नावाची फाइल बंद झाली. परवान्याला आता अडचण नव्हती. एवान्थियाला वाटलं, एवढं तरी धड झालं.

आठवड्याच्या अखेरीस ती गावात गेली. कॅफेपुढून जाताना बोलणी थांबली. नूनोच्या खोपटीला कुलूप होतं, तो बहिणीकडे पात्रासला गेल्याचं कळलं. त्याच्या दारावर कुणीतरी मेलेला मासा खिळ्यानं ठोकला होता. एवान्थियानं तो उपटून पाण्यात टाकला.

बसच्या थांब्यावर द्रिता दोन पिशव्या घेऊन बसलेली दिसली.

"हे काय? कुठं निघालात?" विचारताना एवान्थियाच्या लक्षात आलं, की आज पहिल्यांदाच ती हिला अहो-जाहो करत होती.

"अथेन्सला. भावजयीची बहीण आहे तिकडे, म्हाताऱ्यांची सेवा करायचं काम देते म्हणाली."

"पण तुम्ही तर सुटलात! गावानं कबूल केलं ना, तुमचा दोष नाही?"

"तेच तर." द्रितानं पिशवी मांडीवर ओढली. "चोर होते तोवर निदान शिव्या तरी द्यायचे. आता बघतच नाहीत. मी रस्त्यानं गेले की दारं लावून घेतात. परवा वासिलो आली, किल्ली मागितली. म्हणाली, 'बाई, तू चांगली आहेस, पण तुझ्याकडे बघवत नाही. तू दिसलीस की आम्ही काय केलं ते आठवतं.' इतकं खरं बोलली बिचारी आयुष्यात पहिल्यांदा. मी किल्ली दिली."

"आणि नवऱ्याची कबर?"

"ती कुठं जातेय? तिला काही परवाना लागत नाही."

दूरवर बसचा आवाज आला. रांजण शांत होता. वरचं पाणी पुन्हा निळं झालं होतं. खाली नवं पाणी बसायला सुरुवात झाली असेल, किती वर्षांसाठी ते कुणी सांगावं?

द्रितानं पदरासारखा रुमालाचा कोपरा सोडला आणि एवान्थियाच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. बोटभर लांबीचं चांदीचं बाळ. इतकं लखलखीत घासलेलं, की त्याच्या पायांची बोटंसुद्धा वेगवेगळी दिसत होती.

"किल्ली देण्याआधी शेवटचं झाडून घेतलं. चौकटीमागे सापडलं. मागे तुमचं नाव कोरलंय. बाकीचं सगळं काळंच ठेवलं मी, घासू दे आता त्यांना. हे तेवढं घासलं."

"अहो, पण हे चर्चचं... नवसाचं आहे. हे असं काढून आणणं म्हणजे..."

"चोरी," द्रिता म्हणाली. बस थांब्याला लागली. ती पिशव्या उचलून उठली. "इतके दिवस चोर म्हणून बसवलं मला. म्हटलं, जाताना एक तरी करून जावी."